कचरा वेगळा करायची सवय पंधरवड्यात लागत नाही

सप्टेंबर उजाडला की शाळाशाळांमधून स्वच्छता पंधरवडा सुरू होतो. प्रभातफेरी निघते, घोषवाक्यांचे फलक रंगतात, हिरव्या आणि निळ्या डब्यांशेजारी मुलांना उभं करून फोटो काढले जातात. या सगळ्याला आधार म्हणून एक वाक्य हमखास ऐकवलं जातं : कुठलीही गोष्ट सलग 21 दिवस केली की तिची सवय लागते. प्रमुख पाहुणे भाषणात हे सांगतात, पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर ते फिरतं, शाळांच्या उपक्रम अहवालातही ते लिहिलेलं असतं. हे वाक्य चुकीचं आहे आणि आता ते ऐकवायचं थांबायला हवं, कारण त्याच्या भरवशावर शाळा मोहीम संपवतात आणि काम झालं असं समजतात.

हा आकडा आला कुठून? मॅक्सवेल माल्ट्झ हे न्यूयॉर्कमधले प्लास्टिक सर्जन. शस्त्रक्रियेनंतर आरशातला नवा चेहरा आपलासा वाटायला रुग्णांना साधारण किमान 21 दिवस लागतात, असं त्यांनी 1960 साली आपल्या पुस्तकात नोंदवलं. ती एका डॉक्टरची आपल्या रुग्णांविषयीची नोंद होती. सवयींवरचा प्रयोग नव्हता. पुढे सांगणाऱ्यांनी त्यातला 'किमान' गाळला, चेहरा आणि शस्त्रक्रियाही गाळली आणि उरलेला आकडा जगातल्या सगळ्या सवयींना लावून टाकला.

सवय लागायला किती वेळ लागतो हे खरोखर मोजणारा अभ्यास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केला. 96 जणांनी एकेक साधी गोष्ट निवडली आणि ती रोज ठरलेल्या प्रसंगाला जोडून 12 आठवडे केली. उदाहरणार्थ, जेवणाबरोबर पाणी पिणं. ती गोष्ट विचार न करता आपोआप होऊ लागायला मध्यम हिशेबाने 66 दिवस लागले. माणसामाणसांतला फरक प्रचंड होता : कुणाला 18 दिवस पुरले, तर कुणाला 254 दिवस लागतील असा अंदाज निघाला. पाणी पिण्यापेक्षा व्यायामाला जास्त वेळ लागला. हा अभ्यास मोठ्या माणसांचा होता, त्यामुळे मुलांसाठी '66 दिवसांची मोहीम' असा नवा मंत्रही कुणी काढू नये. त्यातून घेण्यासारख्या गोष्टी दोन. गोष्ट जितकी अवघड, तितके दिवस जास्त. आणि एखादा दिवस चुकला तरी केलेलं वाया जात नाही, पण रोजचा तो ठरलेला प्रसंग मात्र टिकायला हवा.

आता शाळेचं वेळापत्रक पाहा. पंधरवड्यात शाळा भरते फार तर 13 दिवस. मुलांना जरा कळू लागतं तोवर समारोप होतो, मग सत्र परीक्षा, मग दिवाळीची सुट्टी. सुट्टीनंतर वर्गात परतलेल्या मुलाला त्या डब्यांची आठवण करून द्यायला कुणी नसतं. बऱ्याच शाळांत तोवर डबेही जागेवर नसतात. एक जिन्याखाली गेलेला असतो, दुसऱ्यात खेळाचं साहित्य भरलेलं असतं. याचा दोष मुलांना देणं मला मुळीच मान्य नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान 200 आणि सहावी ते आठवीला 220 दिवस शाळा भरायला हवी. सवय लावायला एवढा हक्काचा वेळ समाजात दुसऱ्या कुठल्याही संस्थेकडे नाही आणि त्यातले आपण 13 वापरतो.

शाळेत ठरलेला प्रसंग तयारच असतो : मधली सुट्टी. डबा खाऊन झाला की मुलाच्या हातात केळ्याची साल असते, बिस्किटाच्या पुड्याचं वेष्टन असतं. त्या क्षणी दोन्ही डबे शेजारी-शेजारी, मुलं जेवतात तिथेच हवेत. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर पाहुण्यांना दिसतील असे ठेवलेले डबे मुलांच्या उपयोगाचे नसतात. पोषण आहार शिजतो त्या शाळेत उरलेल्या खिचडीसाठी आणि भाजीच्या देठांसाठी आवारातच खताचा खड्डा करता येतो आणि आपण टाकलेल्याचं काय झालं हे मुलांना महिन्या-दोन महिन्यांत डोळ्यांनी दिसतं. सुका कचरा भंगारवाल्याला किंवा कचरावेचक ताईंना द्यायचा वार ठरलेला असावा. वर्गातली डबे सांभाळायची पाळी जूनपासून एप्रिलपर्यंत चालू राहावी, फळ्यावर तारीख लिहिण्याची पाळी असते तशी.

'आम्ही मुलांना सगळं समजावून सांगितलंय' हे दुसरं पालुपद. माहिती कमी पडते आहे, असं नाहीच. सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं आणि परिसर अभ्यास आपली मुलं तिसरीपासून शिकतात. ओला कोणता, सुका कोणता हे ती पेपरात बिनचूक लिहितात. अडतं ते डब्यापाशी, घाईत. अमेरिकेतल्या शॉन डफी आणि मिशेल व्हर्गेस यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बाटल्या-कॅनच्या डब्याच्या झाकणाला गोल भोक आणि कागदाच्या डब्याला लांबट फट ठेवून पाहिली. तेवढ्यानेच योग्य डब्यात पडणाऱ्या बाटल्या-कॅन 34 टक्क्यांनी वाढले. भाषण शून्य. सुताराकडून झाकण कापून घ्यायला कितीसा खर्च येतो?

बक्षिसांचंही तसंच. 'सर्वांत जास्त प्लास्टिक बाटल्या आणणाऱ्या वर्गाला ढाल' ही स्पर्धा कृपा करून बंद करा. घरात रिकामी बाटली नसेल तर भरलेली विकत आणून रिकामी केली जाते. स्पर्धेने कचरा वाढतो. शिवाय 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला होता. प्रमाणपत्राचं आमिष आधीच दाखवलेली मुलं नंतर आपणहून चित्रं काढायला इतरांच्या निम्माच वेळ देऊ लागली. अनपेक्षितपणे प्रमाणपत्र मिळालेल्यांची आवड मात्र टिकून होती. म्हणून कौतुक जरूर करा, आमिष दाखवू नका.

आणखी काही समज, थोडक्यात. बाटलीखालचा त्रिकोणातला आकडा प्लास्टिकचा प्रकार सांगतो. त्याचा पुनर्वापर होईलच, अशी हमी देत नाही. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा थर असतो, म्हणून तो रद्दीत चालत नाही. वेफर्सच्या चकचकीत पाकिटात प्लास्टिकचे आणि धातूचे थर चिकटलेले असतात, ते भंगारवाला घेत नाही. खाऊच्या डब्यात ते न आणणं हाच त्यावरचा उपाय. 'रिसायकल होतं, मग वापरायला काय हरकत?' असं म्हणणाऱ्यांसाठी : 2017 साली 'सायन्स ॲडव्हान्सेस'मध्ये आलेल्या हिशेबानुसार 2015 पर्यंत जगात झालेल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी फक्त 9 टक्क्यांचंच रिसायकलिंग झालं होतं.

राहिला सगळ्यांत निराश करणारा समज : 'घंटागाडीत सगळं एकत्रच टाकतात, मग मुलांना कशाला शिकवायचं?' काही ठिकाणी असं होतं आणि ते पाहून मुलांचा विश्वास उडतो, हे खरं आहे. पण 2016 च्या घनकचरा नियमांनी कचरा वेगळा देणं आपल्यावर आणि तो वेगळाच उचलणं स्थानिक संस्थांवर बंधनकारक केलं. तसं होत नसेल तर तक्रार करायला हवी, शिकवणं सोडायला नको. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करते. सुका कचरा विकून येणारे पैसे या बायांच्या कमाईचा भाग असतात. आमटीने भिजलेल्या कागदाला भाव मिळत नाही आणि एकत्र आलेला कचरा त्यांना हातांनी उपसावा लागतो. वेंगुर्ल्याने तर घरापासूनच कचरा वेगळा घ्यायला सुरुवात करून आपल्या कचरा डेपोचं रूप इतकं पालटलं, की लोक ते बघायला जातात.

पालकांना एक विनंती. पुढच्या पालकसभेत घोषवाक्य स्पर्धेचा निकाल विचारू नका. वर्गातला सुका कचरा कोणत्या वारी, कोण आणि कुठे नेतं, एवढंच विचारा. उत्तर मिळालं नाही तर ती व्यवस्था लावून द्यायला शाळेला मदत करा.