विशेषणं नकोत, प्रसंग सांगा : मोठेपणी एडीएचडीचं निदान

आज आपण मोठ्या माणसांच्या एडीएचडीबद्दल बोलणार आहोत, आणि त्यातही एकाच मुद्द्याबद्दल. खासगी डॉक्टरांकडून याचं निदान करून घ्यायचं ठरवलं, तर नेमकं काय होतं, काय विचारायचं आणि बरोबर काय न्यायचं? मी बेंगळुरूत राहते आणि सदतिसाव्या वर्षी या तपासणीतून गेले, म्हणून उदाहरणं इथली येतील. पण तुम्ही पुण्यात, इंदूरला, हैदराबादला किंवा बेळगावात असलात तरी कायदे तेच आहेत आणि निदानाची पद्धतही तीच.

आपल्या भाषेत या त्रासासाठी शब्दांची कमी नाही. वेंधळी, धांदरट, विसरभोळी, आरंभशूर, धरसोड वृत्तीचा. लहानपणापासून यातला एखादा शब्द ज्याला चिकटलेला असतो, तो माणूस पस्तिशीत कधीतरी मोबाइलवर एडीएचडीबद्दलचा व्हिडिओ बघतो आणि म्हणतो, अरे, हा तर मीच! मग जुना शब्द जातो आणि नवा चिकटतो. अडचण अशी, की डॉक्टरला दोन्हींचा फारसा उपयोग नसतो. ‘मी वेंधळी आहे’ हे जसं विशेषण, तसंच ‘माझं फोकस होत नाही’ हेही विशेषणच. डॉक्टरला हवे असतात प्रसंग: काय झालं, कधी झालं, किती वेळा झालं, त्यामुळे काय बिघडलं. आजच्या बोलण्यातली ही एक गोष्ट लक्षात ठेवलीत तरी पुरे.

आता निदान कशावर होतं ते बघू. एडीएचडीसाठी रक्ताची तपासणी नाही, मेंदूचा स्कॅन नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेची डीएसएम नावाची नियमावली आहे, तिची पाचवी आवृत्ती २०१३ साली आली. त्यात लक्ष टिकण्याबद्दलची नऊ लक्षणं आहेत आणि अतिचंचलता व उतावळेपणाबद्दलची नऊ. लहान मुलांमध्ये एका गटातली किमान सहा लागतात, सतरा वर्षांपुढच्या माणसाला पाच पुरतात. ती किमान सहा महिने टिकलेली हवीत. घर आणि ऑफिस अशा निदान दोन ठिकाणी दिसायला हवीत. त्यांमुळे कामात, अभ्यासात किंवा नात्यांत खरंच नुकसान होत असायला हवं. दुसऱ्या कुठल्या आजारानं त्यांचा उलगडा होत असेल, तर ती धरायची नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, त्यातली काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीच सुरू झालेली असायला हवीत. आधीच्या आवृत्तीत ही मर्यादा सात वर्षं होती.

हे बारा वर्षांचं कलम का? कारण तिशीत लक्ष न लागण्याची शंभर कारणं असतात. झोप पुरत नाही, थायरॉइड बिघडलेलं आहे, नैराश्य आहे, चिंता आहे, दारूचं प्रमाण वाढलंय, नाहीतर आऊटर रिंग रोडवर रोजचे तीन तास जातायत. एडीएचडी मात्र मेंदूच्या वाढीशी निगडित अवस्था आहे. ती अचानक पस्तिशीत उगवत नाही, तिचा माग बालपणात सापडायला हवा. म्हणून मोठ्या माणसाचं निदान हे अर्धं आजचं आणि अर्धं इतिहासाचं काम असतं.

आणि इथेच आपल्यासारख्यांची पंचाईत होते. मी बेंगळुरूत आणि माझ्या बालपणाचे साक्षीदार सांगलीत. डॉक्टर इंग्रजी आणि कन्नड बोलणार, माझी आई मराठी. ते कसं जमवलं हे पुढे सांगते. आधी, जायचं कुणाकडे?

बेंगळुरूत मानसिक आजार म्हटलं की पहिलं नाव निम्हान्सचं. होसूर रोडवरची ही सरकारी संस्था १९७४ साली जुनं मनोरुग्णालय आणि १९५४ ची मानसिक आरोग्य संस्था एकत्र करून उभी राहिली. २०१२ पासून तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा आहे. खर्च परवडत नसेल किंवा केस गुंतागुंतीची असेल, तर तिथेच जावं. पण देशभरातून लोक तिथे येतात. गर्दी असते, एकेका फेरीसाठी रजा काढावी लागते. म्हणून नोकरदार माणूस शनिवारी किंवा संध्याकाळी वेळ देणाऱ्या खासगी दवाखान्याकडे वळतो. त्यात गैर काही नाही. फक्त खासगीत दर्जा माणसागणिक बदलतो, म्हणून निवड आपल्याला करावी लागते.

त्यासाठी कोण काय करू शकतं ते माहीत हवं. मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, हे एमबीबीएसनंतर मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर. निदान आणि औषध दोन्ही त्यांच्या हातात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि सविस्तर मुलाखती घेतात, थेरपी देतात, पण औषध लिहून देऊ शकत नाहीत. ते भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेले असावेत. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. समुपदेशक आणि ‘एडीएचडी कोच’ यांची मदत निदानानंतर होऊ शकते, निदान करणं मात्र त्यांचं काम नाही.

फोनवर वेळ घेतानाच मी चार प्रश्न विचारत असे. मोठ्या माणसांचं मूल्यमापन तुमच्याकडे नियमित होतं का? एकूण किती बैठका आणि प्रत्येक किती वेळाची? घरच्यांशी बोलता का? आणि फी एका बैठकीची सांगताय की चाचण्या आणि लेखी अहवाल धरून? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण पहिल्या भेटीची फी माफक वाटते आणि चाचण्या व अहवालाचे पैसे वेगळे निघतात.

एका ठिकाणी मला सहा प्रश्नांचा कागद दिला, तो बघून वीस मिनिटांत सांगितलं, ‘हो, तुम्हाला आहे.’ तो कागद खोटा नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीतले ते पहिले सहा प्रश्न. पण ती चाळणी आहे. ‘पुढे तपासा’ एवढंच ती सांगते, ‘आहे’ असं सांगत नाही. दुसऱ्या ठिकाणी उलट झालं. ‘तुम्ही इंजिनिअर झालात, नोकरी टिकवलीत, मग कसली एडीएचडी?’ हेही वीसच मिनिटांत. दोन्हीकडे बालपणाबद्दल एकही प्रश्न नव्हता. झटपट ‘हो’ आणि झटपट ‘नाही’, दोन्ही सारखेच धोक्याचे. पहिल्यात नको ते औषध गळ्यात पडतं आणि खरा आजार मागे राहतो. दुसऱ्यात माणूस परत घरी जाऊन स्वतःला आळशी म्हणत बसतो. मुलींच्या बाबतीत हे ‘नाही’ जास्त वेळा ऐकू येतं, कारण वर्गात उड्या मारणारा मुलगा सगळ्यांना दिसतो, खिडकीबाहेर बघत बसलेली शांत मुलगी दिसत नाही.

तिसऱ्या ठिकाणी काम नीट झालं. तीन बैठका झाल्या. पहिलीत आजचं आयुष्य: झोप, काम, पैसे, वाहन चालवणं, नवऱ्याशी होणारी भांडणं. दुसरीत डिवा नावाची मुलाखत. ही मूळची नेदरलँड्सची. हिच्यात प्रत्येक लक्षण दोनदा विचारतात, आज कसं आहे आणि लहानपणी कसं होतं, आणि दोन्ही वेळा उदाहरण मागतात. मी म्हटलं, ‘मी गोष्टी विसरते.’ डॉक्टर म्हणाल्या, ‘गेल्या महिन्यातल्या तीन सांगा.’ तेव्हा मला कळलं, यादी करून जायला हवं होतं ते यासाठीच. सुदैवानं माझ्या फोनमध्ये दंड भरल्याचे मेसेज होतेच: क्रेडिट कार्डाचे, वीजबिलाचे. पैसे खात्यात असूनही उशिरा भरलेली बिलं, हा पुरावा विशेषणापेक्षा कितीतरी बोलका.

तिसऱ्या बैठकीला आई व्हिडिओ कॉलवर होती. भाषांतर मी करेन म्हटलं, तर डॉक्टरांनी नकार दिला. ज्याची तपासणी चालू आहे त्यानंच साक्षीदाराचं बोलणं भाषांतरित करायचं नाही, नकळत शब्द बदलतात. मग पुण्याहून दादा कॉलवर आला. आईचं पहिलं वाक्य अपेक्षित तेच होतं: ‘आमच्या मुलीला काही नव्हतं हो डॉक्टर, हुशार होती, जरा वेंधळी एवढंच.’ डॉक्टरांनी ‘वेंधळी’ तिथेच सोडलं आणि विचारलं, ‘शाळेतून काय काय हरवून यायची?’ मग आई सुरू झाली. एका पावसाळ्यात तीन छत्र्या. कंपासपेटी तर दर महिन्याला. चौथीत गृहपाठ करून वही घरीच ठेवून जायची, म्हणून बाई दारात उभं करायच्या. दूध उकळताना बघायला ठेवलं की ऊतू गेलंच समजा. मग हळू आवाजात, ‘हिचे बाबाही तसेच.’ तेही डॉक्टरांनी लिहून घेतलं, कारण एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो.

आईनं प्रगतिपुस्तकंही जपून ठेवली होती. दादानं त्यांचे फोटो पाठवले. पहिली ते सहावी, वर्गशिक्षिका बदलल्या तरी शेरा बदलला नाही: हुशार आहे, लक्ष देत नाही. एकाच शेऱ्यानं काही सिद्ध होत नाही, पण सहा वर्षांत वेगवेगळ्या माणसांनी तेच लिहिलं असेल, तर तो माग आहे. तुमच्या घरी अशी प्रगतिपुस्तकं असतील तर रद्दीत घालू देऊ नका. आईवडील हयात नसतील तर मोठं भावंड, मावशी, आत्या, शेजारच्या काकू, बालमित्र, कुणीही चालतं.

या सगळ्याबरोबर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासलं, झोपेची चौकशी झाली, नैराश्य आणि चिंता तपासली. याला फाटे फोडणं म्हणू नका. माझ्या ऑफिसमधला एक मित्र माझ्यानंतर गेला. त्याच्या बालपणात काहीच सापडलं नाही, त्रास चार वर्षांपूर्वी सुरू झालेला. बायको म्हणाली, हा रात्रभर घोरतो आणि मध्येच श्वास अडकतो. निदान निघालं स्लीप ॲप्निया. मशीन लावून झोपायला लागल्यापासून त्याचं डोकं दिवसा ताळ्यावर असतं. तिथे ‘नाही’ हे उत्तरच औषध ठरलं.

माझं उत्तर ‘हो’ आलं. मग औषधांचा प्रश्न. सर्वाधिक वापरलं जाणारं मिथाइलफेनिडेट भारतात १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या यादीत आहे आणि औषध नियमांच्या शेड्यूल एक्समध्येही. त्याचे व्यवहारात चार परिणाम होतात. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदार दोन वर्षं जपून ठेवतो. विकायला वेगळा परवाना लागतो, म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते सहसा मिळत नाही. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार ते व्हिडिओ कॉलवर लिहून देता येत नाही, म्हणजे ऑनलाइन कुणी तसं आश्वासन देत असेल तर तिथून उठा. आणि गाव बदललं तर नव्या डॉक्टरला दाखवायला सविस्तर अहवाल हवाच. सुरू करण्याआधी रक्तदाब, नाडी आणि हृदयाचा इतिहास बघतात, नंतरही बघत राहतात. ॲटोमोक्सेटिन हा दुसरा पर्याय शेड्यूल एक्समध्ये नाही, पण त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात. आणि औषध घ्यायचंच असं नाही. निदान म्हणजे औषधाची सक्ती नव्हे.

शेवटी कागदाबद्दल. लेखी अहवाल मागून घ्या. कोणत्या मुलाखती घेतल्या, कुणाशी बोलले, कशाच्या आधारावर ठरवलं, हे त्यात असावं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं तुम्हाला तुमच्या नोंदी बघण्याचा हक्क दिलाय आणि गोपनीयतेचाही. ऑफिसला सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवायचं. विम्याच्या अर्जात मात्र विचारलेलं खरं लिहा, नाहीतर दाव्याच्या वेळी अडचण येते. आणि हेही माहीत असू द्या, की २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या एकवीस प्रकारांत एडीएचडीचं स्वतंत्र नाव नाही. केवळ या निदानावर दिव्यांग प्रमाणपत्र मिळेल असं गृहीत धरू नका.

तर या आठवड्यात दोन कामं करा. एका वहीत गेल्या सहा महिन्यांतले दहा प्रसंग तारखेसह लिहा, विशेषण एकही नको. आणि घरी फोन लावून विचारा, ‘आई, मी शाळेतून काय काय हरवून यायचे गं?’ उत्तर येईल तसं, तिच्याच शब्दांत उतरवून घ्या. डॉक्टरकडे जाईपर्यंत मन फारच खचलं असेल, तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. निदान तिथे होत नाही, पण धीर आणि दिशा मिळते. पुढच्या भागात निदानानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांबद्दल बोलू.