डीएनएला धरणारे नॅनोकण

दुपेडी डीएनएची जाडी अवघी २ नॅनोमीटर. त्याच्या दोन्ही पेडांच्या कण्यावर फॉस्फेटचे गट ओळीने असतात आणि पाण्यात त्यांच्यावर ऋणभार असतो. त्यामुळे एखादा नॅनोकण डीएनएला चिकटेल की नाही, हे बहुतांशी त्या कणावर चढवलेल्या लेपावर ठरते.

सायट्रेटच्या साहाय्याने तयार केलेल्या सोन्याच्या कणांवर ऋणभार असतो, म्हणून दुपेडी डीएनए त्यांच्यापासून दूर राहते. त्यांवर लायसिन या अमिनो आम्लाचा थर दिला, की अमिनो गटांचा धनभार फॉस्फेटला ओढून घेतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी असेच कण डीएनएवर ओळीने बसवले. हे काम २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. ही पकड डीएनएमधील अक्षरांचा क्रम पाहत नाही आणि द्रावणातले मीठ वाढवले की सैल पडते.

क्रम ओळखायचा असेल, तर दुसरी युक्ती लागते. टोकाला गंधकयुक्त गट जोडलेले एकपेडी डीएनएचे तुकडे सोन्यावर घट्ट बसतात. अमेरिकेत चॅड मर्किन यांच्या गटाने १९९६ मध्ये ही पद्धत मांडली. समोर पूरक क्रम आला, की ए-टी आणि जी-सी अशा जोड्या जुळतात, कण जवळ येतात आणि द्रावणाचा लाल रंग निळसर होतो. एक अक्षर जरी चुकले, तरी जोडी कमी तापमानाला सुटते.

एका अक्षराचा फरक किती महत्त्वाचा, हे सिकलसेल आजारात दिसते. पालघर जिल्ह्यातील आदिवासी समाजांत हा आजार आढळतो. बीटा-ग्लोबिन जनुकात एका ए-च्या जागी टी येतो, एवढेच त्याचे मूळ. नेहमीच्या तपासणीत हिमोग्लोबिन पाहतात. गर्भाच्या निदानासाठी मात्र जनुक तपासावे लागते.

त्यासाठी आधी डीएनए वेगळे काढावे लागते. एका पद्धतीत लोहाच्या ऑक्साइडचे सिलिकाचा लेप दिलेले कण वापरतात. ग्वानिडिनच्या तीव्र द्रावणात सिलिका आणि डीएनए या दोहोंभोवतीचे पाणी हटते, ऋणभारांमधील प्रतिकर्षण झाकले जाते आणि डीएनए कणांवर बसते. चुंबकाने कण एका बाजूला ओढून अल्कोहोलने धुतात. शेवटी कमी क्षारांचे पाणी घातले, की डीएनए सुटून द्रावणात उतरते आणि पीसीआर चाचणीसाठी तयार होते.