कापडी गांडूळ आणि खरे गांडूळ

पहिला पाऊस पडून गेला की आवारात मुलांचे दोन खेळ हमखास सुरू होतात. गांडुळावर मीठ टाकावयाचे, नाहीतर ब्लेडने त्याचे तुकडे करून 'एकाची दोन झाली' म्हणून टाळ्या पिटावयाच्या. दोन होत नाहीत. तोंडाकडचा भाग पुरेसा लांब उरला तर त्याला नवी शेपटी फुटू शकते. शेपटीकडचा तुकडा काही काळ वळवळतो आणि बहुधा मरतो. हे रागावून सांगितल्याने मुलांना पटत नाही, हाताने केल्याने पटते. म्हणून हे खेळणे.

एक लांबट फुगा, जुन्या गंजीफ्रॉकाचे कापड, सुईदोरा व कपडे धुण्याचा टाकाऊ ब्रश एवढे पुरे. कापडाची हातभर लांब, दुपदरी बाही शिवावी. तिच्यावर रंगीत दोऱ्याने सैल टाके घालून आडवी वलये काढावीत. आपल्या गांडुळाची शंभर ते सव्वाशे वलये भरतात. इतकी काढण्याचे कारण नाही. मात्र पुढची सोळा नीट मोजावीत, कारण चौदा, पंधरा व सोळा या वलयांवर वेगळ्या रंगाची पट्टी बसवावयाची आहे. अंडी ज्या कोशात घातली जातात तो कोश याच पट्ट्यातून तयार होतो. प्रत्येक गांडूळ नरही असते व मादीही, तरी बहुधा दोघांच्या मीलनाशिवाय अंडी फळत नाहीत.

विलायती पुस्तकांतील चित्रावरून मात्र नमुना करू नये. त्यांच्या गांडुळाचा पट्टा खोगिरासारखा व बराच मागे असतो, दर वलयावर केस आठच असतात, हृदयाच्या जोड्या पाच म्हणून सांगतात. आपल्याकडील नेहमीच्या जातीत हृदयाच्या जोड्या चार, आणि केसांचे पूर्ण कडेच असते. लखनौचे प्राणिशास्त्रज्ञ कर्म नारायण बहल यांनी १९२६ साली या देशी गांडुळावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तरीही आपल्या मुलांपुढे परकेच चित्र यावे, हे मला खटकते.

ब्रशाचे केस बाहेरच्या पदरात, टोके शेपटीकडे कललेली, असे टाचावे. सुईचे सर्व काम संपल्यावरच पाणी भरलेला फुगा आत सरकवावा. नाहीतर फजिती ठरलेली. आता गोणपाटावर ठेवून मध्यभागी मुठीने दाबा. शेपटीचे केस गोणपाटात अडकतात, मागे सरकता येत नाही, म्हणून तोंड पुढे जाते. मूठ सोडा, शेपूट ओढली जाते. तुमची मूठ म्हणजे गांडुळाचे वर्तुळाकार स्नायू. दोन्ही टोके दाबून ते आखूड व जाड केलेत, की ते उभ्या स्नायूंचे काम. गांडुळाला हाड नाही. पाणी दाबले तरी आटत नाही, यावरच त्याचा सारा कारभार चालतो.

दोन ठिकाणी नमुना फसवतो. खऱ्या गांडुळात बहुतेक वलयांमध्ये पडदे असतात, त्यामुळे एका जागचा दाब साऱ्या अंगभर पसरत नाही. आणि केस ते हवे तेव्हा बाहेर काढते, हवे तेव्हा आत घेते.

मिठाचे उत्तर कातडीत आहे. गांडुळाला फुप्फुसे नाहीत. ओल्या कातडीतून प्राणवायू आत झिरपतो व रक्तात मिसळतो. मीठ अंगातले पाणी खेचून घेते, कातडी सुकते आणि जीव गुदमरतो. मुलांना हे सांगताना कापडी गांडूळ त्यांच्या हातातच असू द्यावे.

खेळ संपल्यावर फुगा काढून बाही उन्हात वाळवावी. ओली गुंडाळून ठेवली तर दोन दिवसांत कुबट वास मारू लागते.