मण्यातली अर्धी राहिलेली बी

धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूर तालुक्यात, सोलापूरच्या बाजूला, थंडी पडू लागली की द्राक्षबागांत डिपिंगची धांदल उडते. मणी जेमतेम बाजरीएवढे असतात, आणि एकेक घड जीएच्या पाण्यात बुडवून काढला जातो. जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड, वनस्पतींचेच एक संप्रेरक. वेल ते स्वतः तयार करते. मग माणसाने ते वरून का द्यायचे? उत्तर फुलाच्या पोटात आहे, आणि धाराशिवच्या बागेत उभे राहून ऐकण्यासारखे आहे.

द्राक्षाचे फूल इतके बारीक की पाहायला भिंग लागते. त्याच्या पाकळ्या उमलत नाहीत. एकमेकींना चिकटून त्यांची टोपी होते आणि ती अख्खी गळून पडते. आत अंडाशय, त्यात दोन कप्पे, प्रत्येक कप्प्यात दोन बीजांडे. म्हणजे प्रत्येक मण्यात चार बिया होण्याची सोय आहे. आपण खातो त्या थॉम्पसन किंवा सोनाका या वाणांत मात्र एकही सापडत नाही.

बीजांड कुठे व्हायचे हे फुलाला कोण सांगते? 1995 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी पेटुनियाचे एक जनुक फुलात सगळीकडे चालू ठेवले. तेव्हा फुलाच्या तळाशी असणाऱ्या हिरव्या दलांवरही बीजांडांसारखे उंचवटे उगवले! जे अंडाशयाच्या आत, झाकून घडायचे, ते उघड्यावर घडू लागले. एका जनुकाच्या हुकमात एवढी ताकद असते.

त्याच कुळातले एक जनुक द्राक्षात आहे, एजीएल-11. बीजांडाभोवतीचे कवच, म्हणजे पुढे बीचे जे टणक टरफल होते, ते घडवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. 2018 मध्ये स्पेनमधल्या एका गटाने दाखवून दिले की बिनबियांच्या द्राक्षात या जनुकातले एकच अक्षर बदललेले आहे. त्यामुळे प्रथिनात 197 व्या जागी आर्जिनिनऐवजी ल्युसिन येते. बदल एवढाच.

परागण होते, फलन होते, गर्भ वाढूही लागतो. पण टरफल टणक होत नाही, गर्भाला पोसणारा भ्रूणपोष खुंटतो आणि गर्भ वाटेतच थांबतो. टरफल हे पूर्णपणे आईच्या पेशींचे असते. म्हणजे इथे कमतरता गर्भात नसते, त्याला गुंडाळणाऱ्या मायेच्या आवरणात असते. मणी चावताना कधी जिभेला लागणारा मऊ कण ही तीच अर्धी राहिलेली बी.

आता जीएचा उलगडा होतो. वाढणारी बी जिबरेलिन तयार करून भोवतालचा गर फुगवत असते. म्हणून बियांच्या द्राक्षात जास्त बियांचा मणी सहसा मोठा असतो. बी थांबली की हा पुरवठा आटतो आणि मणी बारीक राहतो. डिपिंग करणारे हात त्या न झालेल्या बीचेच काम करत असतात.

हे संप्रेरक सापडले भाताच्या रोगात. रोपे अफाट उंच होऊन कोलमडायची. 1926 मध्ये तैवानात एइची कुरोसावा यांनी दाखवले की रोगाच्या बुरशीतून येणारा एक पदार्थ हे घडवतो; 1935 मध्ये तेइजिरो याबुता यांनी त्याला जिबरेलिन नाव दिले.

मला सर्वांत थक्क करते ते वेगळेच. हिवाळ्यात मण्याला हवे असणारे हेच जिबरेलिन उन्हाळ्यात घडाच्या मुळावर येते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नव्या काडीच्या डोळ्यात एक इवलासा कोंब तयार होतो. त्याचा घडही होऊ शकतो, बाळीही, म्हणजे आधाराला गुंडाळणारा तंतू. सायटोकायनिन हे दुसरे संप्रेरक वरचढ झाले तर घड. जिबरेलिन वरचढ झाले तर बाळी. बागायतदार त्या दिवसांत पाणी तोडतात, जिबरेलिन रोखणारे लिहोसीन आणि वर 6-बीए हे सायटोकायनिन फवारतात, ते यासाठीच. 2002 मध्ये ऑस्ट्रेलियात जिबरेलिनला दाद न देणारी एक बुटकी वेल अभ्यासली गेली. जिथे बाळी यायची, तिथे तिला घड आले होते.

सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळे यांनी निवडलेली सोनाका ही थॉम्पसनच्याच वेलीवर आपोआप झालेला बदल. तिच्यातही एजीएल-11 चे ते बदललेले अक्षर जसेच्या तसे आहे. पण असा बदल आपोआप होण्याची वाट न पाहता नवे वाण काढायला बिनबियांच्या दोन वेलींचा संकर करायचा तर बीच हाती लागत नाही. म्हणून फुलोऱ्यानंतर काही आठवड्यांनी, गर्भ मरण्याआधी, कच्च्या मण्यातून बीजांड काढून प्रयोगशाळेतल्या पोषक माध्यमावर ठेवतात. आईच्या आवरणाची उणीव ते माध्यम भरून काढते. वाचलेला गर्भ रुजतो, त्याची वेल होते, आणि अशा वेलींमध्ये पुन्हा बिनबियांच्याच बहुसंख्य निघतात.