सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की
शेगावात प्रकटदिन झाला की मोबाइलमधले पालखीचे व्हिडिओ घरच्या संगणकावर उतरतात आणि सी ड्राइव्हची पट्टी लाल होते. म्हणजे १० टक्क्यांहून कमी जागा उरली.

जागा कुठे गेली ते आधी बघा: सेटिंग्ज, सिस्टिम, मग स्टोरेज. तिथल्या ‘टेम्पररी फाइल्स’मधला बराचसा पसारा बिनधास्त काढता येतो. मात्र त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ही असतं. त्यावर टिक करू नका. पोरांचं हॉलतिकीट, सातबारा, विम्याची पावती, सगळं तिथेच पडलेलं असतं. मोठ्या अपडेटनंतर जुनी विंडोजही कित्येक जीबी अडवून बसते. साधारण १० दिवसांनी ती आपोआप जाते. आधी काढली तर जुन्या आवृत्तीवर परतता येत नाही.

डिलीट केलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जागा खातच राहते. ते रिकामं केलं तरच जागा सुटते.

पालखीचे व्हिडिओ मात्र पुसण्याची गोष्ट नव्हे. बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा, दोन-चार उघडून शेवटपर्यंत चालवून बघा आणि मगच संगणकावरचे काढा. शक्य असेल तर आणखी एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा.