यकृतात गाठ दिसली, पुढे काय?

पोटदुखीसाठी किंवा पित्ताशयातील खड्यांसाठी सोनोग्राफी करावी आणि रिपोर्टमध्ये भलतीच ओळ निघावी : ‘यकृतात दोन सेंटीमीटरची गाठ, पुढील तपासणी करावी.’ मिरजोळे आणि आसपासच्या गावांतून असा रिपोर्ट घेऊन रुग्ण येतो, तेव्हा घरातील सर्वांचेच चेहरे उतरलेले असतात. गाठ म्हणजे कॅन्सर, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. परंतु ज्याला पूर्वी यकृताचा आजार किंवा कुठलाही कॅन्सर झालेला नाही, त्याच्या यकृतात योगायोगाने सापडणाऱ्या गाठी बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात. कधी ती पाण्याची पुटी असते, तर कधी हिमॅन्जिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचा गुंता.

साधी सोनोग्राफी गाठ दाखवते, पण तिची जात नेहमीच सांगू शकत नाही. ती ओळखण्यासाठी सी.टी. स्कॅन किंवा एम.आर.आय. करतात. तिसरा मार्ग म्हणजे कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी.

ही तपासणी समजण्यासाठी यकृताचा रक्तपुरवठा पाहू. यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळते आणि उरलेले धमनीतून. यकृताचा कॅन्सर मात्र मुख्यतः धमनीच्या रक्तावर पोसतो. म्हणजे गाठीत रक्त केव्हा शिरते आणि केव्हा ओसरते, हे पाहिले की तिची जात बरीचशी कळते.

त्यासाठी हाताच्या शिरेतून दोन-अडीच मिलिलिटर औषध देतात. त्यात सल्फर हेक्साफ्लोराइड वायूचे, पातळ आवरणाचे बुडबुडे असतात. ते सरासरी तांबड्या पेशीपेक्षाही लहान असतात व रक्तवाहिनी सोडून बाहेर जात नाहीत. ध्वनिलहरी आदळल्या की ते थरथरतात आणि पडद्यावर चमकतात. डॉक्टर पाचएक मिनिटे ही चमक पाहतात.

पुटीत रक्तच नसल्याने ती काळी राहते. हिमॅन्जिओमा कडेकडून ठिपक्याठिपक्यांनी उजळत मध्याकडे भरतो व उजळलेलाच राहतो. यकृतातच उपजलेला कॅन्सर बहुधा आधी झटकन चमकतो आणि मिनिटभरानंतर सावकाश मंदावतो. दुसऱ्या अवयवातून पसरून आलेला कॅन्सर बहुधा पहिल्या मिनिटातच काळवंडतो.

या तपासणीत क्ष-किरण नाहीत, आयोडिनही नाही. वायू श्वासावाटे निघून जातो, त्यामुळे मूत्रपिंडावर भार पडत नाही. मधुमेहाने ज्यांचे क्रिॲटिनीन वाढले आहे, त्यांना याचा विशेष उपयोग. तीव्र ॲलर्जी क्वचित, साधारण दहा हजारांत एखाद्याला होते. म्हणून तपासणी सर्व सोय असलेल्या ठिकाणीच करावी.

ही कल्पना तशी जुनी. 1968 मध्ये अमेरिकेत ग्रॅमियाक व प्रवीण शहा यांनी हृदयाच्या तपासणीत बुडबुड्यांचा उपयोग दाखवला. सल्फर हेक्साफ्लोराइडच्या औषधाला युरोपात 2001 मध्ये मान्यता मिळाली. अमेरिकेने 2016 मध्ये ते यकृतातील गाठींसाठी, मोठ्यांना आणि मुलांनाही, वापरण्यास मंजूर केले.

मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. गाठ फार खोल असेल, रुग्ण स्थूल असेल किंवा आतड्यातील वायू आड येत असेल तर चित्र नीट दिसत नाही. एका इंजेक्शनमध्ये मुख्यतः एकच गाठ तपासता येते. कॅन्सर शरीरात कुठवर पसरला, हे पाहण्यास सी.टी. किंवा एम.आर.आय. लागतोच. कधी सुईने तुकडा काढूनही तपासावा लागतो. शिवाय ही सोय प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात नसते. मशीनमध्ये वेगळी व्यवस्था आणि अनुभवी डॉक्टर लागतात. कोल्हापूर किंवा मुंबईला निघण्यापूर्वी फोन करून विचारावे आणि जुने रिपोर्ट व फिल्म सोबत न्याव्यात.

‘ब’ प्रकारच्या काविळीचा जुना संसर्ग, दारूमुळे किंवा अन्य कारणाने झालेला सिरॉसिस, पूर्वी झालेला कॅन्सर, यांपैकी काही असेल तर गाठीची तपासणी लांबवू नये. सिरॉसिसच्या रुग्णांनी गाठ नसली तरी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्यावी. रिपोर्ट कपाटात ठेवून झाडपाला घेत राहणे महागात पडते, कारण यकृताचा कॅन्सर लहान असतानाच सापडला तर बरा होण्याची संधी असते. बाकीच्यांनी घाबरून झोप घालवू नये. आपल्या डॉक्टरांना एवढेच विचारावे : “ही गाठ कसली, हे नक्की कोणत्या तपासणीने कळेल?”