भाकरी, बाकरी आणि पदवीची निवड

नीटचा निकाल लागतो, एमबीबीएसची आशा मावळते आणि घरात पसंतीक्रमाचा अर्ज उघडला जातो. फिजिओथेरपीखाली दोन नावे दिसतात: बीओटीएच आणि बीएएसएलपी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी आणि स्पीच थेरपी. राज्याच्या सीईटी कक्षामार्फत या दोन्हींचे प्रवेश नीटच्या गुणांवर होतात. म्हणून ‘कटऑफ कुठे बसतो’ एवढ्यावरच निर्णय उरकला जातो. ही पद्धत मला चुकीची वाटते. सोलापूरसारख्या शहरातल्या मुलामुलींसाठी तर ती फारच तोट्याची आहे, कारण ज्या भांडवलाच्या जोरावर त्यांनी निवड करावी, ते मोजणारा रकाना त्या अर्जात नाही. ते भांडवल म्हणजे त्यांना येणाऱ्या भाषा.

आधी दोन्ही पदव्यांबद्दलचे गैरसमज दूर करू. ऑक्युपेशनल थेरपीतले ‘ऑक्युपेशन’ म्हणजे नोकरी नव्हे. आंघोळ, जेवण, शर्टाची बटणे, वहीतले अक्षर, अशा ज्या ज्या कामांनी माणसाचा दिवस भरतो, ती सगळी कामे त्यात येतात. अर्धांगवायूने उजवा हात गेलेल्या माणसाला डाव्या हाताने भाकरी कशी मोडायची ते शिकवणे, ताट सरकू नये म्हणून खाली ओले फडके घालायला सुचवणे, आखडणाऱ्या बोटांसाठी स्प्लिंट बनवणे, हे या थेरपिस्टचे काम. या विद्येचा भारतातला उगम आपल्या महाराष्ट्रातच आहे. मूळच्या अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांनी 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिची पहिली शाळा सुरू केली. फलटणमधले ‘कमला निंबकर बालभवन’ ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी ते नाव याच बाईंचे आहे हे लक्षात घ्यावे. दुसरीकडे, स्पीच थेरपी म्हणजे तोतरेपणा घालवणे, एवढेच बहुतेकांना माहीत असते. बीएएसएलपी ही पदवी वाचेइतकीच श्रवणाचीही आहे. ऐकण्याची तपासणी, श्रवणयंत्र बसवणे, कॉक्लिअर इम्प्लांटनंतर मुलाला ऐकायला शिकवणे, इतकेच काय, पक्षाघातानंतर रुग्णाला घास नीट गिळता येतो की नाही हे पाहणेही त्यात येते. 2011 च्या जनगणनेत चलनवलनाचे अपंगत्व असलेले सुमारे 54 लाख लोक नोंदले गेले, तर श्रवणाचे आणि वाचेचे मिळून सुमारे 70 लाख. तेव्हा ‘स्पीचला पेशंट कुठे असतात?’ या प्रश्नात काही दम नाही.

आता सोलापूरकडे येऊ. या शहराच्या पूर्व भागात विणकरांच्या घरांतून तेलुगू बोलली जाते, अक्कलकोटकडे कन्नड, कित्येक मोहल्ल्यांत दखनी, आणि शाळेत मराठी किंवा इंग्रजी. तेलुगू घरातले पाच वर्षांचे एक मूल डोळ्यांसमोर आणा. ते ‘भाकरी’ला ‘बाकरी’ म्हणते आणि ‘बस’ला ‘बस्सु’. फक्त मराठी जाणणारा थेरपिस्ट दोन्ही उच्चार दोषांच्या यादीत लिहील. पण तेलुगूच्या मूळच्या शब्दांत भ, ध, घ असे महाप्राण नसतात आणि तिच्यात शब्द बहुधा स्वरावर संपतो. मूल आपल्या घरच्या भाषेचे नियम पाळते आहे, त्याच्या जिभेत काही बिघाड नाही. उलट, खरा भाषादोष असेल तर तो मुलाच्या सगळ्या भाषांत दिसतो. तो तेलुगूतही आहे का, हे तेलुगू समजणाराच नेमके सांगू शकेल. ही गल्लत किरकोळ नाही. ज्याला उपचार नकोत त्याला महिनोन्‌महिने खेपा घालाव्या लागतात, आणि ज्याला हवेत त्याच्याबद्दल ‘घरची भाषा वेगळी आहे, येईल हळूहळू’ असे म्हणत मोलाची वर्षे निघून जातात. त्यातच ‘घरात एकच भाषा बोला’ असा सल्ला पालकांना सर्रास मिळतो. दोन भाषा कानांवर पडल्याने बोलण्याचा विकार जडत नाही, हे संशोधनाने पुरेसे स्पष्ट केले आहे. तरी हा सल्ला ऐकून आजी नातवाशी बोलायचीच थांबली, तर त्या मुलाच्या वाट्याचे बोलणे आणखी कमी होते.

यावर कोणी म्हणेल, आईला दुभाषी करता येईल. ऑक्युपेशनल थेरपीत ते बऱ्याच अंशी चालते, कारण हात डोळ्यांना दिसतो. बोट किती वाकले, बटण कुठे अडले, हे पाहायला भाषा लागत नाही. वाचेच्या बाबतीत मात्र आई मूल काय म्हणाले ते सांगते, कसे म्हणाले ते सांगत नाही. मायेपोटी नकळत दुरुस्त करूनच सांगते. थेरपिस्टला हवे असते ते नेमके ते ‘कसे’. वाचाघात झालेल्या बहुभाषक रुग्णात तर काही वेळा एक भाषा आधी परतते, दुसरी मागे राहते. कोणती परतली हे ओळखायलाच त्या भाषा याव्या लागतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. भाषेला बांधलेली विद्या परदेशात तितकी सहज नेता येत नाही. ऑक्युपेशनल थेरपीची जागतिक संघटना 1952 पासून आहे, भारत तिचा संस्थापक सदस्य आहे, आणि तिने मान्यता दिलेल्या महाविद्यालयाच्या पदवीला बाहेर वजन असते. ज्याला बाहेर जायचेच आहे, त्याने हे जरूर धरावे. आणि सोलापुरात हातांचे काम थोडे नाही. दिवसभर विड्या वळणाऱ्या बायकांची बोटे आणि यंत्रमागावरचे खांदे या विद्येची वाट पाहतच आहेत. ज्या मुलीला वस्तू जुळवण्यात, माणसाच्या हालचाली निरखण्यात रस आहे आणि आवाजातले बारकावे ऐकण्याचा कंटाळा आहे, तिने केवळ तेलुगू येते म्हणून स्पीचकडे वळू नये. पण जिला दोन्हींत रस आहे, जी घरी एक, गल्लीत दुसरी आणि शाळेत तिसरी भाषा बोलत वाढली, आणि जिला याच भागात काम करायचे आहे, तिने बीएएसएलपी वर लिहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. अभ्यासाने शरीरशास्त्र येते. आजीकडून आलेली तेलुगू चार वर्षांत कोणतेही महाविद्यालय शिकवू शकत नाही.

दोन्ही वाटा घरापासून दूर नेतात, हे गृहीत धरा. ऑक्युपेशनल थेरपीची सरकारी आणि महापालिकेची महाविद्यालये मुंबई-नागपुरात आहेत. वाक्‌-श्रवणासाठी मुंबईत नायर रुग्णालय आणि वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, पुण्यात भारती विद्यापीठ आहे, आणि 1965 पासून चालत आलेली म्हैसूरची अखिल भारतीय संस्था आहे. कन्नड येणाऱ्या सोलापूरकराला म्हैसूर परके वाटायचे कारण नाही. पैसे भरण्याआधी एक गोष्ट मात्र स्वतः तपासा. बीएएसएलपी शिकवणाऱ्या महाविद्यालयाला भारतीय पुनर्वास परिषदेची चालू मान्यता हवी. त्या परिषदेच्या नोंदवहीत नाव लागल्याशिवाय स्पीच थेरपिस्ट म्हणून व्यवसाय करता येत नाही.